बंद करू नका

संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमधून बाहेरच्या खऱ्या मशीनच्या फाइलींपर्यंत पोचणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम शाल्मली वर्षभर लिहीत होती. तो कधीच पोचायचा नाही. म्हणून आजच्या चाचणीतही तिने आभासी मशीनमधून अख्खा फोल्डर बेधडक पुसून टाकला.

बाहेरचा फोल्डरही रिकामा झाला.

"पोचला की गं!" मागे उभ्या साळगावकर सरांनी टाळी वाजवली.

शाल्मलीला हसता येईना. ड्रायव्हरचा सगळा कोड त्याच फोल्डरमध्ये होता, दुसरी कॉपी नव्हती. आता ड्रायव्हर उरला होता तो फक्त चालू मशीनच्या मेमरीत. मशीन बंद झालं, की तोही गेला.

"चल, बंद कर ते. सगळे जेवायला खोळंबलेत."

"सर, मी इथेच जेवते," ती म्हणाली. मशीनच्या बटणावर झाकणासारखा धरलेला हात तिने काढला नाही.