कप्तान पाण्यात

"मागे बघ, सर पाण्यात!" विहंग ओरडला. यॉटच्या सुकाणूवर बसलेल्या प्रणोतीने वळून पाहिलं. कप्तान आरोंदेकर लाटांत हात हलवत होते.

"नाटक असणार," विहंग लगेच हसला. शिकाऊ खलाशांची न सांगता परीक्षा घ्यायची सरांना खोडच होती. कालच त्यांनी इंजिन मुद्दाम बंद पाडलं होतं.

प्रणोतीलाही तसंच वाटलं. पण साधी गाठ चुकली तरी बोंब मारणारे सर आज गप्प कसे? तिने सुकाणू गरकन फिरवलं.

दोघांनी मिळून त्यांना वर ओढलं. "इतका उशीर?" असं ते आता खेकसतील, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. सरांनी दोन्ही हातांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.