न्येपीच्या आदल्या दिवशी

उद्या न्येपी, आमचा मौनाचा सण. अख्ख्या बालीत चूल बंद, दिवे बंद, रस्ते बंद, इंटरनेटसुद्धा बंद. माझा भाडेकरू रूबेन सकाळपासून घामाघूम. त्याच्या ऑफिसला वाटतं, तो रॉटरडॅमला घरी बसून काम करतो.

"इबू," इथल्या रीतीने मला 'आई' म्हणत तो म्हणाला, "उद्या दिवसभर गायब राहायला काय थाप मारू?"

"दाढ काढायची आहे म्हण," मी म्हटलं. "तोंडात हात घालून कोणी बघत नाही."

त्याने ऑफिसच्या ग्रुपवर तसं कळवलं आणि "सुटलो!" म्हणत फोन माझ्यापुढे धरला. साहेबाने लगेच रजा दिली होती. उद्या त्यालाही आजीला पुरायला जायचं होतं. त्याच ग्रुपवरच्या मारिकेकडे उद्या दिवसभर वीज नसणार होती. बास नावाच्या सहकाऱ्याच्या घरचा नळ तर उद्या फुटणार होता.

"काय रे," मी विचारलं, "तुमच्या रॉटरडॅमलाही न्येपी पाळतात का?"