टीव्हीची पिन

"लाइट गेली की फोनपण जाणार, मॅडम," फायबरवाल्यानं शिडीवरून उतरता उतरता सांगितलं आणि वृंदानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन गावभर अंधार असला तरी चालायचा. आणि वृंदा म्हणजे गुरांची डॉक्टर. घाटाखालच्या त्या गावात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे आसपासच्या सगळ्या वाड्यांना तिच्या घरचाच नंबर पाठ.

"मग फोनचा हा नवा डबा इन्व्हर्टरवर लावा," ती म्हणाली.

"तिथं टीव्ही आहे," सासरे खुर्चीतूनच गुरकावले. "दोन्ही लावले तर बॅटरी अर्ध्या तासात बसते. आणि लाइट जाते ती नेमकी मॅचच्या वेळी."

"गाई-म्हशी पण तेव्हाच अडतात, बापू," म्हणत तिनं टीव्हीची पिन सरळ उपटली आणि फायबरचा डबा जोडून टाकला. बापू पुढचे दोन दिवस तिच्याशी फक्त नातवामार्फत बोलले.

रविवारी मॅच ऐन रंगात आली आणि लाइट गेली. बापू काळ्या टीव्हीसमोर तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनीच उचलला आणि ऐकता ऐकता आत ओरडून सांगितलं, "वृंदा, वरच्या वाडीत म्हैस अडलीय. रेडकाचा एकच पाय बाहेर आहे म्हणतात."

वृंदा बॅग उचलून गाडीकडे धावली.

"डॉक्टर निघाल्या," बापू रुबाबात फोनवर म्हणाले. "त्या येईपर्यंत ओढाताण करू नका. आणि तुमच्याकडे लाइट असेल, तर स्कोअर तेवढा सांगून ठेवा."