गुराख्यांचं हॉटेल

“काऊबॉय म्हणजे गुराखीच ना गा?” मनकर्णाबाईंनी वर पाहत विचारलं. छताला बैलबंडीचं चाक टांगलेलं होतं आणि त्याच्या आऱ्यांना पिवळे दिवे लावले होते.

“गुराखीच,” अमोल म्हणाला. “अमेरिकेतले.”

“मंग हे आपल्या बंडीचं चाक त्यायच्या घरी काहून लटकून राहिलं?”

अमोलची बायको वैभवी हसली. अमोल हसला नाही. शहराबाहेरच्या बेसा भागातल्या या नव्या हॉटेलात तो मौजेसाठी आला नव्हता. इथल्या मालकाने त्याला भागीदारी देऊ केली होती. स्वयंपाकघर पूर्ण त्याच्या हाती आणि नफ्यात वाटा. सकाळी उत्तर द्यायचं होतं. अर्धं आयुष्य त्याने लग्नांच्या जेवणावळीत दुसऱ्याच्या हाताखाली गंज-पातेली उचलण्यात घालवलं होतं आणि आता कंबर कुरकुरू लागली होती. अशी संधी परत येणार नव्हती. पण आईने चाखून हो म्हटल्याशिवाय तो कशालाच हो म्हणत नसे.

त्याला कारण होतं. वडील रुपराव गेले तेव्हा अमोल रांगत होता. मनकर्णाबाई गाव सोडून शहरात लकडगंजात आल्या, आरामशिनीमागच्या एका खोलीत त्यांनी खानावळ उघडली आणि मजुरांना जेवू घालत मुलगा वाढवला. तेव्हा भाकरीवरही लाकडाचा भुसा उडून बसायचा. नवऱ्याबद्दल त्या बोलत नसत. पित्रांत त्या पान वाढायच्या ते सासूसासऱ्यांचं. बाबांचं का नाही, असं अमोलने लहानपणी एकदा विचारलं होतं. “ते बाहेरच जेवतात,” म्हणून त्या चुलीकडे वळल्या होत्या.

चामड्याची टोपी घातलेल्या वेटरने तीन लोखंडी तवे आणून ठेवले. तव्यावर बोकडाच्या मांडीचा जाड तुकडा चरचरत होता. बाजूला भाजलेल्या वांग्याची चकती आणि बटाटा.

“एवढा तुकडा?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आपल्या गावचा गुराखी कांदा-भाकर खाऊन दिवस काढे.”

त्यांनी काटा-सुरी वैभवीकडे सरकवली आणि हाताने घास तोडला. आधी वास घेतला. मग कडेचं खाल्लं, मग मधलं. अमोल त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

“कोळशावर भाजलं. मीठ शेवटी लावलं. बरोबर आहे.”

“आणि तिखट?”

“सावजीवाल्याले झोप येईन इतकं फिकं.” त्यांनी आणखी एक घास तोडला. “पण मटणाले उगाच रडवलं नाही.”

“म्हणजे चांगलं आहे.”

“जेवण चांगलं आहे. मले दुसरंच समजून नाही राहिलं. शिकेल-सवरेल आचारी एवढे पडले आहेत शहरात. त्यानं तुलेच काहून बोलावलं?”

“धरमपेठेत एका लग्नात माझ्या हातचं जेवला म्हणे.”

“जेवला आन लगेच वाटा देऊन राहिला?”

“एकटाच आहे तो. बायको वारली रायपूरले. लेकरूबाकरू नाही.”

“नाव काय त्याचं?”

“सगळे शेरीफच म्हणतात. कागदावर असेल ते उद्या समजेल.”

“हे काय नाव आहे?”

“गुराख्यायच्या गावचा फौजदार,” वैभवी म्हणाली, आणि या वेळी अमोललाही हसू आलं.

तेवढ्यात मालक स्वतःच टेबलाशी आला. उंच, सत्तरी ओलांडलेला, टोपी हातात धरलेली. मनकर्णाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. वैभवीला गंमत वाटली. सासूबाई अशा बुजलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

मालक वेटरला म्हणाला, “यांच्यापुढचं वांगं उचल. तोंडाले खाज सुटते.”

आईला वांग्याने खाज सुटायची हे खरं होतं. आपण हे याला कधी सांगितलं ते अमोलला आठवेना. बोलता बोलता निघालं असेल.

“जेवण कसं आहे?” मालकाने विचारलं.

मनकर्णाबाई तव्याकडे पाहत अमोलला म्हणाल्या, “सांग त्यायले, शिजलं चांगलं. पण लय उशिरा आणलं.”

अमोल वरमला. तवे तर मागवल्यावर लगेच आले होते.

मालकाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “चूक माझीच आहे,” तो अमोलकडे पाहत म्हणाला. “आईले सांग, त्यायचा राग बरोबर आहे.”

“राग कुठं साहेब, ती आपली गंमत...”

“राग आहे म्हणावं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पण मी ताट टाकून उठली नाही. जेवून राहिली.”

मालकाने मान हलवली. तो स्वयंपाकघराकडे गेला. दारापर्यंत जाऊन तिथेच उभा राहिला. आत गेला नाही.

“काय वं आई,” अमोल दबक्या आवाजात म्हणाला. “एवढ्या मोठ्या माणसाले तोंडावर बोलतेस. त्यानं आता नाही म्हटलं तर?”

“नाही म्हणत तो.”

“तुले काय माहीत?”

मनकर्णाबाईंनी उरलेला तुकडा संपवला. हाड बाजूला ठेवलं आणि कागदी रुमालाला सावकाश बोटं पुसली.

“मंग सांगून टाक एकदाचं,” अमोल म्हणाला. “भागीदार होऊ का नको?”

“भागीदार परक्याले करतात गा,” त्या म्हणाल्या. “बापाच्या धंद्यात पोराले हिस्सा असते.”