शेवटच्या ओळीनंतर

बाबांच्या फाइलमध्ये ३४० ओळी होत्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून ते बोलायचं ते टाइप करत. ते गेल्यावर मी आईसाठी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला: एक ओळ घ्यायची, मोठ्याने वाचायची, मग पुढची.

शेवटची ओळ आली. "चहात साखर घातलीस की विसरलीस?"

"जातानाही कुरकुरच! कधी माझी विचारपूस केलीत का हो?" आई डोळे पुसत हसली.

प्रोग्राम इथे संपायला हवा होता. तो चालूच राहिला. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे गं. त्यांना टाइप करायला वेळ लागतो."

स्पीकर बोलला, "तू जेवलीस का?"

"नाही अजून," म्हणत आई ताट वाढून घ्यायला उठली.

मी पुन्हा मोजलं. फाइलमधल्या ओळी ३४०. वाचलेल्या ओळी ३४१.