उघड्यावरची शेवंती

"कीड कमी दिसतेय आज," फूल डोळ्यांशी धरून आबा म्हणाले.

"परवाच औषध मारलं," म्हणत लेक उशी नीट करायच्या निमित्ताने पाठीमागे गेली.

"जास्त मारू नकोस. किड्यांनी दोन पाकळ्या खाल्ल्या तर खाऊ देत. तुझ्या पॉलीहाऊसमधली फुलं म्हणजे लग्नाच्या फोटोतली माणसं. सगळी ताठ, बोलायला कुणी नाही."

ती हसली. हसावंच लागे.

घरामागचा उघडा तुकडा आबांनी चाळीस वर्षं कसला होता. "मी आहे तोवर यावर प्लास्टिक चढवायचं नाही," असं त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. मग लागोपाठ दोन वर्षं गारपीट झाली. आबांचे पाय गेले. ते दीड महिना इस्पितळात होते, तेवढ्यात तिने त्या तुकड्यावरही पॉलीहाऊस उभं केलं. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, धक्का सोसायचा नाही. आबांच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती, तेवढंच नशीब.

तेव्हापासून रोज सकाळी ती आतली एक पांढरी शेवंती खुडायची. सरळसोट दांड्याला अंगठ्याने बाक द्यायची, पाकळ्यांना सुईने चार भोकं पाडायची, वर चिमूटभर माती भुरभुरायची. आबा ते फूल बराच वेळ न्याहाळत. "वाऱ्याने वाकलंय बिचारं," म्हणत. पावसात मागे धडधडलं की विचारत, "एवढा आवाज कसला गं?"

"शेजाऱ्यांचे पत्रे."

"बरं," म्हणून ते मान वळवत.

एके दिवशी माल न्यायला गाडी लवकर आली. आबा झोपले होते. तिने फूल घाईघाईने उशाजवळच्या पेल्यात ठेवलं आणि धावली. खोकी चढवता चढवता पदराला अडकवलेली सुई बोटात घुसली, आणि तिच्या लक्षात आलं. आज सुईला हातच लावला नव्हता. दांडाही तसाच, छडीसारखा.

हातातलं खोकं टाकून ती घराकडे पळत सुटली.

आबा जागे होते. उशीला टेकून भिंतीकडे बघत होते.

"आज कीड फारच लागलीय गं," ते म्हणाले.

पेल्यातल्या फुलाचा दांडा वाकलेला होता. पाकळ्यांना भोकं होती. सुईची नव्हेत, नखाएवढी, अर्ध्या चंद्रासारखी.

आबांनी अंगठा हळूच चादरीखाली ओढून घेतला.