राजेसाहेब, जेवून घ्या

"नाटकातून मधेच उठून यायचं नाही, एवढंच सांगते," असं आई म्हणाली तेव्हा गाडी इस्लामपूरच्या पुढं आली होती. अनंतराव खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत राहिले. गाडी चालवणाऱ्या क्षमाला वडलांचा चेहरा आरशात दिसत होता. तो काही बरा दिसत नव्हता.

सातारा-सांगलीकडं अनंतराव म्हटलं की लोकांना एकच भूमिका आठवायची. जुन्या शोकांतिकेतला तो राजा, जो संशयापायी राणीला राज्याबाहेर काढतो आणि खरं कळल्यावर विष घेऊन मरतो. उभी हयात त्यांनी तो राजा केला. शेवटच्या अंकात बायका तोंडाला पदर लावून रडायच्या. आणि आता त्यांच्याच शिष्यानं, आकारामनं, त्याच नाटकाचं विनोदी रूप सांगलीत रंगमंचावर आणलं होतं. नाव, ‘राजेसाहेब, जेवून घ्या’. जाहिरातीत नाव एकट्या आकारामचंच होतं.

आकाराम माण तालुक्यातला. कॉलेजला म्हणून साताऱ्याला आला तो यांच्याच घरी राहिला. क्षमाच्या आईच्या हातचं जेवला, अनंतरावांकडून रंगमंचावर बोलायला शिकला. त्यांना सर म्हणायचा, आईला काकू. नाटकाची बातमी कळल्यापासून सरांनी त्याचा फोन उचलला नव्हता.

आजचा हट्ट आईचा. क्षमाला वाटत होतं, इतक्या वर्षांचं नातं तुटू नये म्हणून बिचारीची धडपड चाललीय. सकाळपासून नुसत्या चहावर होती. ठेवणीतली इरकल तेवढी काढून नेसली होती. नाट्यगृहात बसल्यावर तिनं पदर चारदा सारखा केला.

पडदा उघडला. राजा गर्जत आला, "माझा मुकुट! माझा मुकुट कुठाय?" मुकुट त्याच्या डोक्यावरच होता. राणी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता बोटानं दाखवलं. थिएटर हसलं.

क्षमा हसली नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तिच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसला होता.

पुढं पुढं तर तिला अंग चोरून बसावंसं वाटू लागलं. राजा ताट वाढल्यावर तलवार घासायला बसायचा आणि मग भाकरी गार झाली म्हणून राणीवर डाफरायचा. आरशापुढं उभा राहून आपल्याच आवाजाला मान डोलवायचा. सगळं घरातलं होतं, एक न एक लकब.

"घरी ठेवून घेतला, आणि घरच चव्हाट्यावर मांडलं त्यानं," अनंतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"बघा तर खरं पुढं," आई म्हणाली. तिची नजर रंगमंचावरून हलत नव्हती. ओठ पुटपुटत होते. रामरक्षा म्हणत असावी, असं क्षमाला वाटलं.

मध्यंतरात अनंतराव जागचे उठले नाहीत. चहाच्या रांगेत आईनं दोन अनोळखी बायकांना, कसं वाटतंय म्हणून विचारलं. लय हसलो, पण राणीचं वाईट वाटतंय, असं त्यातली एक म्हणाली. आईनं तिच्याही चहाचे पैसे दिले.

मग तो राणीला घालवून देण्याचा प्रवेश आला. जुन्या नाटकात राणी इथं दोन वाक्यं बोलून निघून जायची, ती परत दिसायचीच नाही. ही राणी उंबऱ्यात थांबून सांगू लागली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे, ओल्या हातानं घेऊ नका. दूध उतू गेलं की शेगडी लगेच पुसा, नाहीतर मुंग्या होतात. लोक हसून हसून बेजार झाले. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "तुम्ही मराल तेव्हा सगळे रडतील, राजेसाहेब. मी कुठं गेले, ते कुणी विचारणार नाही."

अनंतरावांची मघापासून हलणारी मांडी थांबली.

शेवटच्या अंकात राजानं विष घेतलं, भाषण केलं, आडवा झाला आणि एक वाक्य राहिलं म्हणून पुन्हा उठला. परत आडवा, परत उठला. प्रधानानं सतरंजी आणून अंथरली आणि स्वतःच तिच्यावर झोपून टाकलं. तेव्हा क्षमाला शेजारून विचित्र आवाज ऐकू आला. तिनं घाबरून पाहिलं. अनंतराव हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मी इतका वेळ लावायचो का गं मरायला?"

"लावायचात," आई म्हणाली.

पडदा पडला, टाळ्या थांबेनात. अनंतराव उठले आणि सरळ रंगमंचाच्या पायऱ्या चढू लागले. त्यांना ओळखणारे बरेच होते, आणि रुसवाही सगळ्यांना ठाऊक होता. टाळ्या विरल्या. वडील आता काय बोलतात म्हणून क्षमा खुर्चीच्या कडेला सरकली. आकाराम पाया पडायला वाकला, त्याला त्यांनी मधेच धरलं.

"रागावून आलो होतो," ते म्हणाले. हातात माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज होता. "सगळा जन्म मी तो राजा केला. राणी घराबाहेर पडल्यावर कुठं जाते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तुला पडला. मोठं काम केलंस, गड्या. लिहावं तर असं."

आकारामच्या तोंडावर आनंद दिसेना. अवघडून उभा राहिला, मान खाली घालून.

"सर, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातलीया मला," तो म्हणाला. "पर आता ऱ्हावत न्हाई. म्या नुसतं बसवलं. ह्यातली एक ओळबी माझी न्हाई."

त्यानं माईक उचलला आणि अनंतरावांच्या खांद्यावरून खाली, क्षमा बसली होती त्या रांगेकडं बघितलं.

"काकू, आता तरी वर या."